होळीच्या दिवशीचे सेहेचाळीस अंकुर

होळीच्या दिवशी आमची प्रयोगशाळा बंद असते. दाराला कुलूप, किल्ली संचालकांच्या घरी. त्या बंद प्रयोगशाळेत, बारा वर्षांपूर्वीच्या होळीला, मी तवशाचे सेहेचाळीस अंकुर मोजले. पन्नास बियांपैकी सेहेचाळीस, म्हणजे ब्याण्णव टक्के. अर्थात रजिस्टरात मोजले. मी स्वतः त्या दिवशी जयपूरला मेव्हण्याच्या गच्चीवर, केसांत गुलाल घेऊन, तिसरी कचोरी खात होतो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. दोनचारदा सांगायला बसलो, पण दरवेळी बाई मध्ये येतात. आणि बाई मध्ये आल्या की हसू येतं, आणि हसत हसत कबुली देता येत नाही. तेव्हा आधी बाईंनाच उरकून घेतो.

आमची बीजपेढी एका ट्रस्टची. दिल्लीत द्वारकेच्या पलीकडे, जिथे विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजावीत, तिथे आमची दोन मजली इमारत आहे. अनुदान सरकारी, त्यामुळे वागणूक सरकारपेक्षाही सरकारी. कारकुनाला रजा हवी असेल तर तीन सह्या, आणि एखाद्या वांग्याचं बी मरत असेल तर पाच. बाई तिथे बियांच्या विभागाच्या प्रमुख, माझ्या वरिष्ठ. संचालकांपासून चौकीदारापर्यंत सगळे त्यांना मॅडम म्हणत. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी बाई म्हणे. त्या मूळच्या कोकणी मुसलमान, दापोलीकडच्या. उभी हयात दिल्लीत गेली तरी पावसाळा आला की जिभेवर खाडीचं पाणी चढे. ईदेला ऑफिसात शिरखुर्मा आणत आणि वाटीत वाढता वाढता चारोळीचं झाड जंगलातून कसं कमी होतंय त्यावर बोलत. ऐकून होईपर्यंत शिरखुर्म्यावर साय धरे.

बाईंचं पहिलं दर्शन लोकांना जूनमध्ये होई, आणि ते विसरता येत नसे. बाहेर पंचेचाळीस अंश, कुत्री नळाखाली झोपलेली, आणि समोरून एक ठेंगणी बाई तपकिरी माकडटोपी आणि गुडघ्यापर्यंतचा पुरुषी रजईचा कोट घालून येतेय. शीतगृहात उणे वीस अंश असतात, म्हणून तो पोशाख. पण बाहेर पडल्यावर तो काढायचा असतो, हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. तशाच त्या मेट्रोत चढत. ब्लू लाइनवर लोक त्यांना बघून जागा देत. आजारी समजत असावेत. बाई बसत, टोपीतून दोन डोळे काढून आभार मानत आणि शेजारच्याला विचारत, "आपके गाँव में कौनसी लौकी होती है?" विचारलेला माणूस पुढच्या स्टेशनला डबा बदले.

हा प्रश्न त्या कुणालाही विचारत. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात आम्ही दोघं एकदा एका बैठकीला गेलो होतो. उपाहारगृहात भरलं वांगं आलं. बाईंनी वांगं पोटातून उघडलं, मसाला बाजूला सारला, बिया बघितल्या आणि वाढप्याला बोलावलं.

"हे कुठलं वांगं?"

"भरलं वांगं, मॅडम."

"ते कळलं. गावचं नाव काय याच्या?"

वाढपी साताऱ्याचा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे पाहिलं. बाईंच्या बरोबर असताना मी आयुष्यात जितक्या ग्लासांकडे पाहिलंय तितक्या माणसांकडे पाहिलेलं नाही.

करोल बागेतही तेच. ऑफिसासाठी चाळण्या घ्यायच्या होत्या. बाईंनी पर्समधून राजगिरा, मोहरी आणि तीळ अशा तीन पुड्या काढल्या आणि दुकानातली एकेक गाळणी घेऊन गल्ल्यावर चाळायला सुरुवात केली. पाऊण तास. दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडमजी, चाय छाननी है या सोना?" बाई म्हणाल्या, "सोना होता तो मैं इतना देखती क्या?" त्याने खाली सांडलेली मोहरी स्वतः झाडून दिली. मला मात्र त्यांनी ती वेचायला लावली. एकशेअकरा दाणे. माझी मोजणी चोख होती, म्हणून त्या मला 'मोजणीसाहेब' म्हणायच्या. लाडाने म्हणायच्या, हे आता लिहिताना जास्त लागतं.

द्वारकेत बाईंची सोसायटी आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. तिथल्या लोकांनी त्यांच्यावर तीन तक्रारी केल्या होत्या, तिन्ही एकाच गोष्टीबद्दल: व्हरांड्यात वर्तमानपत्रावर बिया वाळत घालतात, कबुतरं येतात. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर उत्तर टाकलं, "कबुतरांना मी समजावलं आहे." त्यानंतर कुणी तक्रार केली नाही. वेड्याशी कोण वाद घालणार, असं सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले. मीही मान हलवली. बाईंची टिंगल करायची असेल तर माझी मान कायम तयार असे.

शीतगृहात बाई कुजबुजत. मोठ्याने बोललेलं त्यांना चालत नसे. पत्र्याची लांबलचक खोली, रॅकवर हजारो चंदेरी पाकिटं. एकात कुठल्याशा डोंगरावरची नाचणी, दुसऱ्यात कुणाच्या परसातली घेवडी. शेतातून गेलेली, बाजारातून गेलेली, लोकांच्या तोंडातून नावासकट गेलेली, इथे अंधारात उरलेली. यंत्राची घरघर एवढी की कुजबुज ऐकूच येत नाही. आम्ही ओरडून "काय?" विचारलं की बाई ओठांवर बोट ठेवत. "झोपलेत."

पेढी म्हणजे काय, हे नवीन माणसाला समजावताना त्यांची एकच रीत होती. "बी वाळवलं, पाकिटात बंद केलं, गारठ्यात ठेवलं, की ते झोपतं. मेलेलं नसतं हो, झोपतं. मग दर दहा वर्षांनी थोड्यांना उठवून हाक मारायची. ओ दिली तर बाकीच्यांना पुन्हा झोपू द्यायचं. शंभरातल्या पंच्याऐंशींनी ओ दिली नाही, तर लगेच उरलेलं बी शेतात लावायचं, नवं बी धरायचं, ते झोपवायचं. उशीर झाला, की मग हाका मारत बसा." 'मेलं' हा शब्द त्या बियांच्या बाबतीत कधीच वापरत नसत. 'ओ देत नाही' म्हणत. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. चौकीदार झोपलेला दिसला की म्हणायचो, "याची उगवणक्षमता तपासा."

आता त्यांची दोन खुळं सांगतो. बाकी सगळी विसरलात तरी चालेल, ही दोन लक्षात ठेवा.

पहिलं खूळ पिवळ्या पावत्यांचं. बाई बी गोळा करायला गावोगाव जात आणि ज्याच्याकडून बी घेतलं त्याला एक पिवळं कार्ड देत. कार्डं स्वतः छापून घेतलेली. वर देणाऱ्याचं नाव, गाव, बी कशाचं, आमच्या नोंदवहीतला नंबर, आणि खाली बाईंच्या हाताने एक ओळ: मागाल तेव्हा परत. कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. संचालक म्हणाले, "मॅडम, ये बँक है, क्लोकरूम नहीं." बाई म्हणाल्या, "बँक है ना? तो जमा करनेवाले को रसीद नहीं चाहिए?" एकवीस वर्षं त्या कार्डं वाटत होत्या. एकवीस वर्षांत एक कार्ड परत आलं नाही. आम्ही त्यांना मॅडमची जेवणाची कुपनं म्हणायचो.

दुसरं खूळ लाल पेनाचं. उगवण-चाचणीच्या रजिस्टराला दोऱ्याने एक लाल पेन बांधलेलं असे. ते फक्त खोडण्यासाठी. आणि बाईंचा कायदा असा, की आकडा ज्याने लिहिला त्यानेच खोडायचा, आडवी रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची. "दुसऱ्याचा आकडा मी खोडत नाही. त्याने मोजलंय, त्यानेच सांगावं." एकदा आमच्यातल्या एका मुलीने भोपळ्याच्या ओळीत अठराच्या जागी एक्याऐंशी लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळंतपणाच्या रजेवर गेली. चूक आंधळ्यालाही दिसत होती. बाईंनी तो भोपळा लगेच शेतात लावायला पाठवला, पण आकड्याला हात लावला नाही. सहा महिने रजिस्टरात एक्याऐंशी. तपासणीला आलेला अधिकारी ओरडून गेला. शेवटी ती मुलगी कडेवर मूल घेऊन आली, लाल रेघ मारली, सही केली. बाईंनी तिला पेढा दिला, बाळाच्या हातात भोपळ्याच्या चार बिया दिल्या. बाळाने त्यातली एक नाकात घातली आणि ऑफिसची पुढची सबंध सकाळ त्यात गेली.

हसून घ्या. मीही हसलो होतो.

आता तवसं. तवसं म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी. हातभर लांब, पिकली की तांबूस होते, आढ्याला टांगून ठेवली तर दिवाळीच्याही पुढे टिकते. किसून गूळ घालून तिचं धोंडस करतात. माझ्या मुलीला हा शब्द माहीत नाही. ती द्वारकेत वाढली, तिला काकडी म्हणजे खीरा. हे तवसं बाईंनी त्यांच्याच तालुक्यातल्या एका घरातून आणलं होतं. त्या घरात जातिवंत बी धरायची रीत जुनी: पिकल्या तवशाचं बी राखेत घोळवायचं आणि शेणाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापून ठेवायचं. धुराने कीड लागत नाही. पुढच्या पावसाला भिंत खरवडायची आणि लावायचं. घरच्या बाईने आमच्या बाईंना सुरी दिली आणि म्हणाली, "अर्धी भिंत तुमची." बाईंनी अर्धी भिंत खरवडली. दोनशे बारा बिया. बदल्यात पिवळं कार्ड दिलं.

दोनशे बारा म्हणजे फार थोड्या. एवढ्यात राखीव म्हणून दुसऱ्या पेढीला जोडपाकीटही पाठवता येत नाही. पहिल्या चाचणीला पन्नास गेल्या, सत्तेचाळीस उगवल्या. चौऱ्याण्णव टक्के. दहा वर्षांनी हाक मारायची पाळी आली, आणि ती हाक माझ्या वाट्याला आली.

चाचणी सोपी असते. ओल्या जाड कागदावर बिया मांडायच्या, अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळी करायची, उगवणयंत्रात उभी ठेवायची, रोज पाणी बघायचं, आठव्या दिवशी उलगडून मोजायचं. आठवा दिवस होळीला येतो, हे कॅलेंडर बघितलं असतं तर दिसलं असतं. मी कॅलेंडर बघितलं ते रजेसाठी. शनिवार-रविवारला होळी जोडून चार दिवस मिळत होते. पाण्याचं कुणाला सांगून जावं, तर बाईंना सांगावं लागलं असतं, आणि बाई म्हणाल्या असत्या, "मोजणीसाहेब, होळी दरवर्षी येते." म्हणून सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा यंत्रातला कागद पापडासारखा झाला होता. उलगडला. निम्म्या बियांना मुळं फुटून वाळून गेली होती, बाकीच्या फुटल्याच नव्हत्या. त्या पाण्याअभावी फुटल्या नाहीत की आधीच ओ द्यायच्या बंद झाल्या होत्या, हे सांगायला पुन्हा पन्नास बिया मागाव्या लागल्या असत्या. उरलेल्या एकशेबारातल्या पन्नास. बाईंकडे. मी कागद चुरगळून टोपलीत टाकला. मागची नोंद चौऱ्याण्णव होती. दहा वर्षांत दोन टक्के कमी होणं शोभून दिसतं. ब्याण्णव लिहिलं. आणि नियमाप्रमाणे आठव्या दिवसाची तारीख टाकली. खोटं लिहितानाही नियम सोडला नाही, ट्रस्टचा माणूस.

त्या दिवशी मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. सुटल्यासारखं वाटलं. काकडीच्या बियांसाठी कोण रडतं?

नऊ वर्षं गेली. बाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर आली. एका सकाळी चौकीदाराने सांगितलं, "महाराष्ट्र से कोई आए हैं, मॅडम को पूछ रहे हैं." चाळिशीचे गृहस्थ होते. गावच्या रस्त्याच्या कामासाठी चारपाच जण दिल्लीला खासदारांना भेटायला आलेले, सदनात उतरलेले. हे तेवढ्यात रिक्षा करून आमच्याकडे आले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं पिवळं कार्ड काढलं.

सगळं ऑफिस दारात जमा झालं. कुपन आलं होतं!

बाईंनी कार्ड दोन्ही हातांत घेतलं. पालथं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. "आई बऱ्या आहेत?"

"आहे की. ऐंशी पार केली. डोळे गेलेत, जीभ आहे."

"आणि भिंत?"

"भिंत गेली. रस्ता मोठा झाला त्यात पुढचं घर गेलं, स्वयंपाकघरासकट. बी त्याच्या आधीच्या सालीच लावायचं राहिलं होतं, आई आजारी होती. गावात आता कुणाकडेच नाही. सगळे पाकिटातली काकडी लावतात." ते जरा संकोचले. "आईने सांगितलंय, बाईंना म्हणावं, अर्धी भिंत मागायला आलोय."

बाईंनी माकडटोपी काढली. ऑफिसात त्यांचे केस मी त्या दिवशी प्रथम पाहिले, पांढरे, पातळ. "बसा," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. मी आधी हाक मारून बघते. आठ दिवस लागतील." मग माझ्याकडे वळून, अगदी आनंदात, "मोजणीसाहेब, तुमचेच ब्याण्णव ना?"

मी म्हणालो, "हो, बाई."

एवढंच म्हणालो. ते 'हो' मी नऊ वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. आता फक्त उच्चारलं.

गृहस्थ गावी गेले. बाईंनी पन्नास बिया स्वतः मांडल्या. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पाणी बघत. रविवारीही आल्या. आठव्या दिवशी कागद उलगडला, तेव्हा मी शेजारी होतो. पन्नास बिया ओल्या, मऊ, जशाच्या तशा. एकही मूळ नाही. बाईंनी तरी मोजल्या. एकेक बी चिमट्याने उचलून, पन्नासपर्यंत. मग शून्य लिहिलं.

त्यानंतर त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, माझी ओळ शोधली. बोट ब्याण्णववर ठेवलं, तिथून तारखेवर नेलं, आणि तिथे ते थांबलं. तारखा बाईंना पाठ असत. कुठली चाचणी कुठल्या सुट्टीत अडकेल, याचा तक्ता त्या दर जानेवारीत करत. तेव्हाच माझ्याही लक्षात आलं, की मी होळीच्या दिवशी मोजणी केली आहे.

बाईंनी रजिस्टर त्याच पानावर उघडं ठेवलं. लाल पेनाचं टोपण काढलं, पेन पानावर आडवं ठेवलं. "मी चहा घेऊन येते," म्हणाल्या. बाई चहा कधीच घेत नसत.

अर्धा तास त्या आल्या नाहीत. मी पेनासमोर बसून होतो. वरून विमान गेलं, मग दुसरं. मी प्रमोशनचा विचार केला, मुलीच्या बारावीचा केला, चौकशी बसली तर काय होईल याचा केला. तवशाचा केला नाही. अर्ध्या तासाने बाई आल्या, पानाकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं.

"तुमचं अक्षर फार छान आहे हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला पुन्हा कधी मोजणीसाहेब म्हटलं नाही.

यानंतर जे झालं ते इतकं हास्यास्पद आहे, की सांगताना मला आमच्या खात्याचा अभिमान वाटतो. संचालकांनी बैठक घेतली. ते कागद चाळून म्हणाले, "नाइंटी-फोर, नाइंटी-टू, और फिर सीधा ज़ीरो? मॅडम, ऐसा तो शेअर बाज़ार में भी नहीं होता. आपके टेस्ट में कुछ गड़बड़ है." एक तज्ज्ञ म्हणाले, वय झालं की हात थरथरतो, कागदाला पाणी जास्त होतं. दुसरे म्हणाले, त्या कार्डामुळे मॅडम भावनिक झाल्या आहेत. म्हणजे माझा खोटा ब्याण्णव खरा ठरला, कारण तो दिसायला चांगला होता; आणि बाईंचं खरं शून्य खोटं ठरलं. बाईंना मेमो मिळाला: दुर्मीळ वाणाच्या पन्नास बिया निष्काळजीपणाने वाया घालवल्या. निवृत्तीला सहा आठवडे होते.

मी त्या बैठकीत होतो. टेबलावर सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास होते. बघायला सोय होती.

बाईंनी मेमोला उत्तर एका ओळीत दिलं: "मी मोजलं, शून्य होतं." संचालकांनी विचारलं, तुम्हाला आधीच्या नोंदीबद्दल काही म्हणायचं आहे का? बाई म्हणाल्या, "दूसरे का आँकड़ा मैं नहीं काटती." सगळे हसले. खूळ सगळ्यांना ठाऊक होतं.

मग पेढीने औदार्य दाखवलं. उरलेल्या बासष्टातल्या पंचवीस बिया त्या गृहस्थांना टपालाने पाठवल्या, चंदेरी पाकिटात, वर छापील चिठ्ठी: उगवणक्षमता ब्याण्णव टक्के. पाठवणीच्या कागदावर बाईंनी सही करायला नकार दिला. मग ती कुणी केली असेल? बरोबर. अक्षर छान होतं.

मे संपता संपता बाईंचा निरोप समारंभ झाला. समोसे, शाल, आणि संचालकांचं भाषण, ज्यात त्यांनी बाईंना 'हमारी सीड मदर' म्हटलं आणि मेमोचा उल्लेख टाळला. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "शीतगृहाचं दार नीट लावत जा." बसल्या.

त्यांच्या खुर्चीचा चार्ज मला मिळाला. चार्जच्या यादीत सगळ्यात शेवटी त्यांनी हाताने लिहिलं होतं: लाल पेन, एक. रिफिल नवी घातली आहे.

पावसाळ्यात त्या गृहस्थांचा फोन आला. पंचवीसच्या पंचवीस लावल्या, एकही वर आली नाही. आई रोज सकाळी विचारते. मी त्यांना काय सांगितलं? मी म्हणालो, "मातीचा दोष असेल. भराव पडला असेल ना रस्त्याचा?" ते म्हणाले, "असेल साहेब. आमचीच माती." त्यांनी माझे आभार मानले.

याला आता तीन वर्षं झाली. आमच्या कॉम्प्युटरवर ते तवसं अजून जिवंत आहे, ब्याण्णव टक्के, हिरव्या रंगात. पाकिटात सदतीस बिया आहेत. त्यांची पुढची दहा वर्षांची चाचणी दोन वर्षांपूर्वीच यायला हवी होती. यादी मी करतो, म्हणून ती येत नाही. एका मोठ्या प्रयोगशाळेत असं बी उघडून आतला गर्भ काचेच्या नळीत वाढवायचा प्रयत्न करतात. सदतीसमधला एखादा ओ देईलही. पण त्यांच्या अर्जात पहिलाच रकाना आहे, बी किती खालावलं आहे आणि केव्हापासून. ब्याण्णव टक्के निरोगी बी ते कशाला हातात घेतील? म्हणजे मी जोवर गप्प आहे तोवर त्या सदतीसांना उठवायला कुणी येणार नाही, आणि दर वर्षी त्या एका वर्षाने म्हाताऱ्या होतायत. हे कळायला मला बीजशास्त्र शिकावं लागलं नाही. बाईंच्या भाषेत हाका मारायला उशीर होतो आहे.

बाई अजून द्वारकेतच असतात. मी भाजी आमच्या सेक्टरच्या बाजारातून घेत नाही, तिसऱ्या सेक्टरला जातो. बायकोला वाटतं तिथे मेथी चांगली मिळते. गेल्या महिन्यात तरी गाठ पडलीच. मेट्रोच्या जिन्यावर. ऊन कडक, आणि बाई माकडटोपीत. आता तर शीतगृहही नाही, तरी टोपी. त्यांनी माझ्या बायकोला कुठली पालक घेतली ते विचारलं, मुलीला किती मोठी झालीस म्हणाल्या. मग मला विचारलं, "पेन चालतंय ना?"

"चालतंय, बाई."

"न वापरता सुकतं हो," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

"ये आंटी पागल हैं क्या?" मुलीने विचारलं. सवयीने मान हलायला लागली होती. मध्येच थांबवली. माझ्या सगळ्या पश्चात्तापाची आजवरची कमाई तेवढीच.

काल ऑफिसात रजिस्टर काढून ते पान बघितलं. लाल पेनाचा दोरा बाईंनी बांधला होता तसाच आहे. पान मिटलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो, कारण कागदावर कबुली देणं रजिस्टरात देण्यापेक्षा सोपं आहे, आणि सोप्याची मला सवय आहे. पण हे लिहिल्याने काही फिटत नाही. ब्याण्णववर एक आडवी लाल रेघ, तिच्यावर 'चाचणी झाली नाही' हे तीन शब्द, आणि त्याखाली माझी सही. त्या पानाची एक प्रत त्या गृहस्थांना, की माती तुमची चांगली आहे, आईंना सांगा. दुसरी प्रत दोन सेक्टर पलीकडे, स्वतः नेऊन.

एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.